‘कुवैत म्हणजे स्वर्ग’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘जगातला सर्वात श्रीमंत देश कुवैत! १ दिनार = ३०० रुपये. टॅक्स शून्य. वीज, पाणी, पेट्रोल, दवाखाना सगळं फुकट. दहा वर्षं राहिलात की नागरिकत्व. १९६१ पर्यंत हा भारताचाच भाग होता. शिक्षणाची अट नाही. व्हिजिट किंवा खादिम व्हिसावर जा, तिकडे बदलून मिळतो. कामगारांना एसी फ्लॅट. कधीही या, कधीही जा.’ खाली हिरव्या टिकमार्कांची रांग आणि एक मोबाइल नंबर.

हा मेसेज बरेच महिने या ना त्या ग्रुपवर फिरतोय आणि मी त्याला उत्तर देणं टाळत होतो. आता तो खेडला माझ्या मावसबहिणीच्या घरात पोचलाय. भाचा आठवीनंतर वेल्डिंग शिकलाय, दहावी झालेली नाही, पासपोर्ट तयार आहे. त्या नंबरवाल्याने दीड लाख मागितलेत आणि ताई बांगड्या घेऊन सोनाराकडे निघालीय. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी तो दिनार, कारण सगळी भूल त्यानेच पडते. एक दिनार तीनशेच्या घरात जातो, हे खरं. पण म्हणून देश सर्वात श्रीमंत? जपानचा एक येन आपल्या रुपयापेक्षा स्वस्त आहे. मग काय जपानी लोक आपल्याकडे मजुरीला येतात? कतारचा रियाल जेमतेम चोवीस-पंचवीस रुपयांचा आणि कतारचं दरडोई उत्पन्न कुवैतच्या दुपटीच्या आसपास. चलनाचा एक तुकडा केवढा कापायचा हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. कुवैतने १९६१ मध्ये दिनार आणला तेव्हा तो थेट एका ब्रिटिश पौंडाइतका ठेवला. तेव्हाच्या हिशेबाने १३ रुपये आणि वर थोडी चिल्लर. म्हणजे नोट जन्मतःच मोठी. पुढे रुपया घसरत गेला आणि तेलाच्या पैशाने दिनार टिकून राहिला. देश श्रीमंत आहे, कोण नाही म्हणतंय? १९३८ मध्ये तिथल्या बुरगानला तेल लागलं. तेलाचे पैसे गुंतवायला १९५३ मध्येच लंडनमध्ये मंडळ बसवलं. १९७६ पासून पुढच्या पिढ्यांसाठी उत्पन्नाचा दहावा हिस्सा बाजूला काढायला लागले. पण ती श्रीमंती ज्यांची आहे त्यांची आहे. अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा हा देश. माणसं पन्नास लाखांच्या आसपास, त्यातले नागरिक साधारण पंधरा लाख. एकट्या भारतीयांचीच संख्या दहा लाखांच्या घरात.

आणि भाच्याच्या हातात काय पडणार, ते त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. खासगी क्षेत्रातलं किमान वेतन ७५ दिनार. घरकामगाराचं ६०. तीनशेने गुणा हवं तर. साडेबावीस हजार आणि अठरा हजार. वेल्डरला हात चांगला असेल तर जास्त मिळतं, पण तो वेल्डर म्हणून गेला तर. खादिम, म्हणजे घरगडी, म्हणून नव्हे.

टॅक्स शून्य. हो, पगारावर आयकर नाही. पुढे.

‘सगळं फुकट’ हे शुद्ध थाप आहे. जे फुकट किंवा पाण्याच्या भावाने आहे ते मुख्यतः नागरिकांना. परदेशी माणसाला इकाम्यासाठी, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यासाठी, आरोग्य विम्याचे पैसे भरावे लागतात. वर सरकारी दवाखान्यात तपासणीची फी आहेच. डिसेंबर २०२२ पासून तर औषधांचेही वेगळे ५ दिनार. साध्या तापाला साठ-सत्तर दिनारातले पाच. पेट्रोल स्वस्त आहे, हे कबूल करतो. साधं पेट्रोल ८५ फिल्स लिटर (हजार फिल्सचा एक दिनार), म्हणजे आपले पंचवीस रुपये. पण ते घालायचं कशात? परदेशी माणसाला गाडीचं लायसन्स हवं तर साधारण नियम असा की पदवी हवी आणि पगार ६०० दिनार हवा. चालकासारख्या काही कामांना सूट आहे, वेल्डरला नाही.

नागरिकत्वावर वेळ घालवत नाही. कायदा १९५९ चा. अरब नसलेल्याला वीस वर्षांची अट, १९८२ पासून मुसलमान असण्याचीही, आणि एवढं करून मिळतं असं नाहीच. २०२४ पासून तर तिथलं सरकार आधी दिलेली नागरिकत्वं हजारोंनी काढून घेतंय. ‘दहा वर्षांत’ कुठून आणलं देव जाणे.

‘१९६१ पर्यंत भारताचाच भाग’ यात मात्र अर्धं खरं आहे आणि ते मान्य करतो, ते अर्धं मला आवडतंही. रुपया तिथे खरंच चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारात रुपये बाहेर जाऊ लागले म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या, कुवैतने त्या १९६१ पर्यंत वापरल्या. त्याच्याही आधी कुवैती गलबतं खजूर आणि मोती घेऊन मुंबईला यायची, तिथल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. आखातातला ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे तिथला इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी, १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्याच हाताखाली होता. पण कुवैत १८९९ पासून ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचं शेखांचं राज्य होतं, भारताचा भाग नव्हे. आणि असता, तरी त्याने तुमच्या व्हिशाला काय फरक पडतो?

आता व्हिसा. बाकीच्या थापांनी फार तर हसं होईल, ही थाप माणूस बुडवते.

व्हिजिट व्हिशावर काम करणं गुन्हा आहे. पकडलं की परत पाठवतात आणि पुन्हा प्रवेश बंद. खादिम व्हिसा, म्हणजे तिथल्या नियमांतलं कलम २०, हा फक्त घरकामासाठी. ज्या कुवैती घराच्या नावावर तो निघतो तिथेच काम करायचं. एजंट कुणा कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो त्या मालकाला, पैसे देऊन कागद काढतात आणि पोराला सांगतात, बाहेर कुठेही काम कर. कर, पण मग तपासणीत सापडलास की तू बेकायदा, आणि कफीलने ‘पळून गेला’ अशी तक्रार टाकली की इकामा संपला. बदलून मिळतो म्हणे! २०२४ च्या जुलैत खादिमवरून कंपनीच्या, म्हणजे कलम १८ च्या व्हिशावर जायची सवलत दिली होती. तीही दोन महिन्यांपुरती, त्या मालकाकडे एक वर्ष झालेल्यालाच, मालकाच्या संमतीने आणि ५० दिनार भरून. तेवढ्यावर हे लोक अजून धंदा करतायत.

‘कधीही या, कधीही जा’ तर उलटच. १ जुलै २०२५ पासून कलम १८ वाल्या कामगाराला देशाबाहेर पडायला मालकाची परवानगी लागते. सुट्टीला घरी येण्यासाठीसुद्धा.

एसी फ्लॅट म्हणता? कुवैतमधलं मंगाफ आठवा. १२ जून २०२४ ची पहाट. कामगारांची इमारत, दीडशेच्या वर माणसं आत झोपलेली. तळमजल्यावर आग लागली, खोल्या पाडायला लावलेली पार्टिशनं ज्वलनशील, धूर जिन्याने वर चढला. पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यातले ४५ आपले. हवाई दलाच्या विमानाने त्यांचे मृतदेह कोचीला आणले. त्या इमारतीतही एसी होते. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

जायचंच नाही का, असं ताईने विचारलं. जावं की. कोकणातली आणि गोव्यातली कितीतरी घरं तिकडच्या पैशावर उभी राहिली आहेत, आणि हात चालणाऱ्या वेल्डरला इथे काय मिळतं ते मला माहीत आहे. पण १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे आणि तो एवढ्यासाठीच आहे. नोंदणी नसलेल्या एजंटला परदेशासाठी माणसं भरताच येत नाहीत. नोंदणीकृत एजंटही जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, तोही पावती देऊन. दीड लाख हा आकडा ऐकला तिथेच उठायचं. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘परदेशी कामाला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी हवी’ असा शेरा असतो, आणि कुवैत ज्या यादीत आहे त्या देशांत कामाला जाताना त्याला ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मंजुरी घ्यावीच लागते. त्यात पगार, मालक, काम सगळं नोंदवलं जातं. सोबत प्रवासी भारतीय विमा सक्तीचा, दोन वर्षांना २७५ रुपये, अपघाती मृत्यूला दहा लाख. एका दिनारापेक्षा स्वस्त. हे सगळं टाळायचं असतं म्हणूनच ‘आधी टुरिस्ट म्हणून दुबई, मग पुढे’ असले मार्ग सुचवले जातात.

काल भाच्याला त्या नंबरवर एवढंच विचारायला लावलं : नोंदणी क्रमांक काय, आणि करारात काम वेल्डरचं लिहिणार की खादिमचं? पहिल्याचं उत्तर आलं, ‘डायरेक्ट व्हिसा आहे, नंबर लागत नाही.’ लागतो. दुसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही. बांगड्या घरात आहेत आणि ई-मायग्रेटवरची नोंदणीकृत एजंटांची यादी भाचा आता स्वतः वाचतोय.