बोटाचा दोरा

बोटाला निळा दोरा होता. सकाळच्या गडबडीत बायकोने बांधला, बांधताना काहीतरी सांगितलं, मी “हो हो” म्हणालो. संध्याकाळी लिफ्टमध्ये शिरता शिरता एका अनोळखी काकांनी विचारलं, “काय लागलंय हो बोटाला?”

“लागलं नाही. लक्षात राहावं म्हणून बांधलाय.”

“काय लक्षात राहावं म्हणून?”

“तेच आठवत नाहीये.”

काका असे खुलले, जणू आयतं शब्दकोडं हाती आलंय. “बिल भरायचं असेल.”

“भरलं.”

“कुणाला फोन?”

“नाही.”

“गोळ्या?”

“अजून सुरू नाहीत.”

“होतील,” काका मायेने म्हणाले. “मी एक्काहत्तरचा आहे. दोराबिरा लागत नाही आपल्याला.”

आता यात माझा काय दोष? पुढचं काम लक्षात ठेवणं म्हणजे दोन कामं असतात: काहीतरी करायचंय हे आठवणं, आणि काय करायचंय ते आठवणं. दोऱ्याने पहिलं चोख बजावलं. ते काम मेंदूच्या, कपाळाच्या थेट मागच्या भागाकडे असतं. ब्रॉडमन या मेंदूतज्ज्ञाने 1909 साली मेंदूचा नकाशा काढला त्यात त्याचा नंबर 10. मनात बेत धरून दुसरंच काम करत असलो की या भागाची बाहेरची बाजू जास्त राबते, आतली मंदावते. म्हणजे विसरल्यावर आपण कपाळावर हात मारतो तो अगदी मोक्याच्या जागी बसतो. आइन्स्टाइन (तो नव्हे, दुसरा) आणि मॅक्डॅनिएल या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये लोकांना शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या आणि बजावलं, मध्येच अमुक शब्द दिसला की बटण दाबायचं. एवढंच. पण हातातलं काम सोडून ते ‘मध्येच’ सुचायला हवं ना!

आणि नाव विसरलं तर लोक म्हणतात, होतं असं. काम विसरलं की म्हणतात, तुला पर्वाच नाही. एकात स्मरणशक्ती कच्ची, दुसऱ्यात थेट माणूसच कच्चा. हा कुठला न्याय?

लिफ्ट थांबली. नववा मजला, माझा. काका बाहेर डोकावले आणि दचकले.

“अहो, मला पाचव्यावर उतरायचं होतं!”

बटण दाबलंच नव्हतं. शिरल्यापासून माझं बोट धरून बसले होते. वर मलाच म्हणतात, “तुमच्या त्या दोऱ्यापायी!”

घरात पाऊल टाकलं तर बायकोने हात पुढे केला.

“रीळ?”

“कसलं रीळ?”

“अरे, शिवायच्या दोऱ्याचं! मॅचिंग मिळावं म्हणून नमुना बांधून दिला होता ना बोटाला?”