जाड तार, घट्ट तार आणि मशीनचं चाक

व्हॉट्सॲपवर एक सल्ला जोरात फिरतोय: सायकलच्या चाकातली तार (स्पोक) बारीक असते म्हणून तुटते, जाड तारा टाका, फिरतील तितक्या आवळा, आणि चाक मशीननंच बांधलेलं घ्या, हाताचं काम टिकत नाही. तुळजापूर-अक्कलकोटच्या फेऱ्या मारणारे सोलापूरकरही तो बिनधास्त पुढे ढकलतात.

आधी जाडीचं बघू. तार वजनानं क्वचितच तुटते, ती थकून तुटते. फिरताना जमिनीजवळ आलेल्या तारांचा ताण क्षणभर उतरतो आणि वर गेल्या की परत चढतो. रोड बाइकच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे सोलापूर ते तुळजापूरच्या ४५ किलोमीटरमध्ये प्रत्येक तार एकवीस हजारांहून जास्त वेळा ढिली-ताठ होते. मोडते ती बहुतेकदा हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकातल्या वाकणापाशी, नाहीतर निपलच्या, म्हणजे तार रिमला धरून आवळणाऱ्या छोट्या नटच्या, आट्यांपाशी. म्हणूनच चांगल्या तारा टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ ठेवतात. मधला बारीक भाग जास्त ताणला जातो, त्यामुळे खड्ड्यात रिम जराशी दबली तरी तार पूर्ण सैल पडत नाही. सरसकट जाड तार तेवढ्याच दबण्यात जास्त ताण गमावते.

आवळण्याचं अर्धं खरं आहे, सैल चाक लवकर जातं. पण ‘फिरतील तितक्या’ आवळल्या तर रिम भोकांपाशी चिरते. गिअरच्या मागच्या चाकाला चेनच्या, म्हणजे उजव्या, बाजूला प्रत्येक तारेला १०० ते १२० किलोचा ताण नेहमीचा; रिमवाल्यानं मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची. डाव्या तारांचा ताण बराच कमी राहतो, कारण कॅसेटला (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांना) जागा द्यायची म्हणून उजव्या तारा जास्त उभ्या बसतात. दोन्हीकडे सारखंच आवळलं तर रिम मध्यावर राहणारच नाही. बिनगिअरच्या काळ्या सायकलला हा तिढा फारसा नसतो, म्हणून तिच्यावर हात बसलेल्या मिस्त्रीशीही हे आधी बोलून घ्यावं.

एकाच बाजूच्या तारा मात्र एकमेकींशी जुळायला हव्यात. विणकरांच्या गावात हे काय सांगायचं, ताण्यातले चार धागे ढिले असले की कापडच बोलतं. तारा बोटानं छेडा, एका बाजूच्या साधारण एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढलेलं, डोळ्याला सरळ दिसणारं चाकही इथे नापास होतं.

आता मशीन. ते तारा झटपट भरतं, आऊटही काढतं, पण स्वस्त चाकं बऱ्याचदा कमी आणि असमान ताणानं बाहेर पडतात. शिवाय त्यांत एक हातकाम राहून जातं: हातमोजे घालून समांतर तारांच्या जोड्या मुठीत जोरात दाबायच्या. वाकण हबवर नीट बसतं, तार घडवताना तिच्यात अडकून राहिलेला ताण निघून जातो. चाक थोडं आऊट होतं, मग परत काढायचं आणि परत दाबायचं. कंटाळवाणं आहे, पण तारांचं आयुष्य याच्याइतकं दुसऱ्या कशानं वाढत नाही. निपल फिरवताना तारही पिळली जाते, म्हणून थोडं पुढे नेऊन मागे आणायचं.

एका बाजूच्या तारा एकामागून एक तुटत असतील तर त्या बाजूच्या सगळ्या बदला, उरलेल्याही तितक्याच थकल्यात.

शिकायला रिम ब्रेकच्या (रिमवर रबर दाबणाऱ्या ब्रेकच्या) सायकलचं पुढचं चाक घ्या, त्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. स्टँड नसेल तर सायकल उलटी करून ब्रेकच्या रबराशी अंतर बघत आऊट काढता येतो. निपल चावी तेवढी बरोबर मापाची घ्या. पकडीनं एकदा निपलचे कोपरे खाल्ले की पुढे चावीही धरत नाही.