करंगळी सोडून

रात्री अडीच वाजता मी पलंगावर बसून हात झटकत होते. कूस न बदलता नवऱ्याने विचारलं, "झुरळ?"

"मुंग्या."

"खडू ओढून ठेव," म्हणाला आणि पुन्हा घोरायला लागला.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, करंगळी ठणठणीत. डॉक्टरांनी हाताचे पंजे उलटे जोडून मिनिटभर धरायला लावलं. या उलट्या नमस्काराने चाळिसाव्या सेकंदालाच मुंग्यांची रांग लागली. कार्पल टनेल. मनगटाच्या चिंचोळ्या बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाची एक नस जाते. थोडी सूज आली की ती नस चेपते. म्हणजे डोंबिवलीहून सकाळची लेडीज, नऊ धट्ट्याकट्ट्या आणि मधे मी. करंगळीची नस दुसऱ्याच वाटेने, रिक्षाने गेल्यासारखी.

फिजिओथेरपीवाली मुलगी गोड होती. "काकू, झोपताना पट्टा लावायचा, मनगट सरळ राहिलं पाहिजे. आणि हे व्यायाम. ओढून-ताणून नाही हं." बोटं सरळ, मग आकड्यासारखी वाकवायची, मग मूठ, पुन्हा सरळ. मी ते लोकलमध्ये उरकायचं ठरवलं. दुसऱ्यांदा आकडा केला तर समोरची बाई म्हणाली, "दादर. पण दिलीये हं सीट."

तीन महिने मी हात झटकत होते तेव्हा घरात कुणी ढुंकून पाहिलं नाही. पहिल्या दिवशी पट्टा काढायला विसरून दूध घ्यायला खाली उतरले आणि अख्ख्या सोसायटीला कळवळा आला. "पडलात?" पहिल्या तिघींना मी नस, बोगदा, सगळं समजावलं. त्यांचे चेहरे पडले. चौथीला म्हटलं, "हो, बाथरूममध्ये." तिने लगेच आंबेहळद आणून दिली.

सासूबाईंनी पट्टा बघितला आणि मुलाला कणकेची परात दिली. पहिल्या दिवशी कणीक कोपरापर्यंत होती.

दीड महिन्याने झोप सलग लागू लागली. फिजिओवाली म्हणाली, "छान! पण रात्रीचा पट्टा अजून चालू ठेवा."

घरी आल्यावर नवऱ्याने हात धूत विचारलं, "रात्रीचा म्हणजे नक्की किती वाजल्यापासून?"

"साडेसात," मी म्हटलं. "कणीक भिजवायच्या आधी."