दोनदा हरा आणि घरी जा

आमच्या संस्थेत स्पर्धेची पद्धत बदलावी की बदलू नये, या एका प्रश्नावर गेले आठ महिने जे मतप्रदर्शन चालले आहे, ते ऐकून माझा संयम संपला आहे. आम्ही अमेरिकेतली हौशी मंडळी चिलखत चढवून, वेताच्या तलवारी घेऊन मध्ययुगीन युरोपातल्या टूर्नामेंटसारख्या लढती खेळतो. (शाळेत ज्या वेताने हात लाल झाले, त्याचेच फटके मी आता सुट्टीच्या दिवशी हौसेने खातो, हे माझ्या आईला अजून पटलेले नाही.) या स्पर्धा दुहेरी बाद पद्धतीने होतात, म्हणजे दोन लढती हरलात की तुमचा दिवस संपला. छोट्या स्पर्धा तरी साखळी पद्धतीने घ्याव्यात, एवढेच आम्हा काही जणांचे म्हणणे आहे.

मागच्या महिन्यात एक नवा मुलगा सव्वादोन तास गाडी चालवून आला. चिलखत उसने, मापाला मोठे; त्याच्या कोपरांचे पट्टे मी स्वतः आवळले आणि या सगळ्या तयारीत पाऊण तास गेला. त्याची पहिली लढत बघता बघता संपली. दुसऱ्या लढतीत मांडीवर फटका बसला. फटका नीट लागला की नाही, हे आमच्याकडे ज्याला लागला त्यानेच प्रामाणिकपणे सांगायचे असते, आणि पाय गेला की गुडघ्यावर बसून लढायचे असते. या पोराने क्षणाचाही विचार न करता गुडघे टेकले आणि पुढच्याच फटक्याला त्याच्या शिरस्त्राणावर ठण्ण असा आवाज झाला. साडेदहा वाजले होते. त्यानंतर चार वाजेपर्यंत तो इतरांना पाणी देत फिरला.

हे मी बैठकीत सांगितले, तेव्हा उत्तर आले की ही आपली परंपरा आहे. कोणती परंपरा? आमच्या या छंदाची सुरुवातच १९६६ साली बर्कलीत एका घराच्या परसात झाली. बाराव्या शतकातली टूर्नामेंट म्हणजे दोन गावांमधल्या शेतांतून उसळणारी झुंबड असे, आणि त्या काळच्या विल्यम मार्शल या इंग्रज सरदाराने नाव कमावले ते प्रतिस्पर्ध्यांना पकडून, त्यांचे घोडे आणि सुटकेचे पैसे वसूल करून. १३९० साली आजच्या उत्तर फ्रान्समधल्या कॅलेजवळ सँ-अँग्लव्हेर येथे तीन फ्रेंच सरदार दिवसामागून दिवस येईल त्या आव्हानवीराला सामोरे गेले. १४६६ साली इंग्लंडमध्ये जॉन टिप्टॉफ्ट या सरदाराने अश्वारूढ द्वंद्वाचे नियम लिहून काढले, तेव्हा हिशेब होता तो मोडलेल्या भाल्यांचा. यांपैकी कुठेही बाद फेरीचा तक्ता नाही. तो आपण टेनिस-फुटबॉलच्या जमान्यातून उचलला आणि वर त्याला परंपरेचा शेला पांघरला.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो अगदीच पोकळ नाही. सोळा जणांची पूर्ण साखळी म्हणजे १२० लढती. दुहेरी बाद पद्धतीत ३० किंवा ३१ पुरतात. पण चार-चार जणांचे चार गट केले तर गटांच्या २४ लढती आणि वर उपांत्य व अंतिम मिळून तीन, म्हणजे एकूण २७ होतात, शिवाय प्रत्येकाला निदान तीन लढती मिळतात. हे गणित मी कागदावर मांडून बैठकीत फिरवले. तो कागद एकाने चहाच्या कपाखाली ठेवला.

सर्वांत लांबलचक भाषण केले ते दहा वर्षांत शिरस्त्राण डोक्यावर न चढवलेल्या गृहस्थांनी. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी सव्वा तास ऐकायला मिळाले. दरवेळी अंतिम फेरी गाठणाऱ्यांना आहे तेच उत्तम वाटते, हे समजू शकते. दिवसभर मैदानावर त्यांनाच तर लढायला मिळते. पण जे लढतही नाहीत, पहाटे दोऱ्या बांधायला येत नाहीत आणि नोंदणीच्या टेबलावर उन्हात बसतही नाहीत, त्यांच्या मताचे वजन आमच्याइतकेच का धरावे? शेवटी काय ठरले, तर आधी सर्व सभासदांची मते मागवावीत. आठ महिने दुसरे काय चालले होते?

तो मुलगा काल उसने चिलखत परत देऊन गेला. पट्टे त्याने नीट पुसून, गुंडाळून ठेवले होते.