रक्ताची आम्लता ताटावर ठरत नाही

लातूर, बीड, परभणीकडच्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्वारी, तूर, मटण, चहा यांनी रक्त आम्लीय होतं आणि त्यातूनच शुगर, सांधेदुखी, कॅन्सर होतो. म्हणून रोज अनशापोटी कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घ्या, गोळ्या-इन्सुलिन सुटेल. शेवटच्या दोन शब्दांनी जीव जाऊ शकतो, म्हणून हे लिहितोय.

‘खाण्याने रक्त आम्लीय होतं.’

धान्य, डाळी, मांस पचल्यावर थोडं आम्ल तयार होतं, हे खरं आहे. पण त्याहून कितीतरी पटीने जास्त आम्ल शरीर स्वतःच तयार करतं. प्रत्येक पेशी कार्बन डायऑक्साइड सोडते आणि तो पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होतं. तरीही निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त), 7.35 ते 7.45 एवढ्याच पट्ट्यात राहतो. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी खाणाऱ्यांचाही. हे काम फुप्फुसं आणि किडन्या करतात.

आत्ता बसल्या जागी श्वास रोखून बघा. थोड्याच वेळात छाती आतून ढुशा देऊ लागते, थांबवत नाही. तेव्हा ऑक्सिजन अजून पुरेसा असतो. साठत गेलेला असतो कार्बन डायऑक्साइड. त्याने वाढलेली आम्लता मेंदूच्या देठाला कळते आणि तो श्वास घ्यायला भाग पाडतो. आम्लता जरा वाढली की श्वास खोल आणि जलद होतो, कमी झाली की मंदावतो. काही मिनिटांत हिशेब जुळतो, आपल्याला पत्ताही लागत नाही.

किडनीचं काम सावकाश चालतं, पण पक्कं असतं. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव तिच्यातून गाळला जातो. त्यात गेलेलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, ती जवळजवळ सगळं परत रक्तात घेते. खाण्यातून आलेलं आम्ल श्वासावाटे जात नाही. ते किडनी फॉस्फेटबरोबर आणि स्वतः तयार केलेल्या अमोनियाबरोबर लघवीतून बाहेर काढते. आम्ल वाढलं तर दोन-चार दिवसांत ती अमोनिया वाढवते.

‘लघवीला पट्टी लावा, शरीर आम्लीय आहे का ते कळेल.’

आम्लता दाखवणारी ही कागदी पट्टी फक्त लघवीचं सांगते. लघवीचा पीएच 4.5 पासून 8 पर्यंत कुठेही असू शकतो. तो असा हलतो म्हणूनच रक्ताचा हलत नाही. लघवी आम्लीय आली तर किडनी तिचं काम करतेय एवढाच त्याचा अर्थ. लिंबाने लघवी अल्कलीकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, झुकते, कारण त्यातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं. काही प्रकारच्या मुतखड्यांत डॉक्टर सायट्रेटचं औषध देतात ते यासाठीच. रक्त मात्र होतं तिथेच राहतं.

‘अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगत नाही, यासाठी ऑटो वॉरबर्गला नोबेल मिळालं.’

जर्मन शास्त्रज्ञ वॉरबर्ग यांना 1931 चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखरेपासून भरपूर लॅक्टिक आम्ल बनवतात, हे निरीक्षण त्यांचंच. म्हणजे गाठ आपल्या भोवतीची जागा आम्लीय करते. मेसेजने कार्यकारणच उलटं केलंय.

‘सोड्याने गोळ्या-इन्सुलिन सुटेल.’

चमचाभर सोडा पोटातल्या आम्लाला भेटतो, गॅस होतो, ढेकर येते, बरं वाटतं. उरलेला क्षार रक्तात जातो आणि चांगली किडनी तो लघवीतून टाकून देते. सोबत सुमारे 1200 मिलिग्रॅम सोडियम येतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा आहे 2000. बीपी असलेल्याला, हृदय कमजोर असलेल्याला, पायावर सूज येणाऱ्याला हा चमचा महागात पडतो.

‘डॉक्टरही सोड्याच्या गोळ्या देतात की,’ असं कुणी म्हणेल. देतात, किडनी निकामी होत चाललेल्यांना, कारण त्यांची किडनी क्षार राखू शकत नाही. पण रक्तातलं बायकार्बोनेट तपासून, मोजून.

आणि रक्त खरोखर आम्लीय होतं ते कसं, हे शुगरवाल्या घरांनी ऐकावंच. इन्सुलिन बंद झालं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून किटोन नावाची आम्लं साठतात, बायकार्बोनेट संपत जातं. मग फुप्फुसं जीव तोडून कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकू लागतात: श्वास खोल, मोठा, न थांबणारा. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो, उलट्या होतात, पोट दुखतं. घरचे म्हणतात दमा उठला, नाहीतर पित्त झालं, आणि पुन्हा सोडाच पाजतात. तिथे उपाय म्हणजे सलाइन आणि इन्सुलिन, कारण आम्ल तयार होणंच इन्सुलिनने थांबतं.

असा श्वास लागलेला शुगरचा पेशंट घरी ठेवू नका. दवाखान्यात पोचल्या पोचल्या डॉक्टरांना आधी हे सांगा, की इन्सुलिन कधीपासून बंद आहे.