‘संस्थांचं अनुदान बंद करा’ म्हणणाऱ्यांना

‘भटक्या कुत्र्यांच्या नावावर संस्था पालिकेचा पैसा खातात. अनुदान बंद करा, कुत्री उचलून घाटात सोडा. चावलंच तर सरकारी दवाखान्यात इंजेक्शन फुकट आहे.’ हा मजकूर गेले कित्येक दिवस फिरतोय. आता मावशीनेही तो घरच्या ग्रुपवर टाकलाय, खाली ‘विचार करा’ असं जोडून. केला विचार.

मुळात हे अनुदान नव्हे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी. पालिका ते काम संस्थेकडून करून घेते आणि सहसा शस्त्रक्रियेमागे दर ठरवून पैसे देते. संस्था हटवली तरी डॉक्टर, पिंजरे, गाडी यांचा खर्च हटत नाही.

‘चावलं तर इंजेक्शन आहे’ हे सगळ्यात घातक. रेबीजपासून वाचायचं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणू अडवणारी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, आणि त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे डोस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रोजंदारीवरचा माणूस तिसऱ्या डोसनंतर येत नाही. लहान मूल तर ओरखडा घरी सांगतही नाही. लक्षणं दिसली की उपाय जवळजवळ संपतात. म्हणून रोग कुत्र्यातच अडवायचा, आणि त्यासाठी साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस लागते. गोव्यात सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून हेच केलं. 2022 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार तिथे कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटला आणि माणसांचे रेबीजमृत्यू शून्यावर आले.

घाटाबद्दल काय बोलायचं! कचराकुंडी जागेवरच राहते, त्यामुळे शेजारच्या गल्लीतली बिनलसीची कुत्री तिथे येतात आणि हद्दीसाठी भांडतात. सोडलेली कुत्री पायथ्याच्या गावातल्या शेळ्यांवर. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री हलवायला सांगितली, पण निवाऱ्यात. तो निवारा काय फुकट चालणार आहे?

पैसे खाल्ले जातात, हे मात्र काही ठिकाणी खरं आहे. नराची शस्त्रक्रिया लवकर उरकते, मादीचं पोट उघडावं लागतं. दर एकच असेल तर नरच जास्त पकडले जातात. आणि वस्तीत एक नर उरला तरी सगळ्या माद्या गाभण राहू शकतात. दुसरी गोम निविदेची: ठेका संपून नवा येईपर्यंत काम थांबतं, मादीचा गर्भकाळ दोन महिन्यांचा, तेवढ्यात केलेलं काम पाण्यात. तेव्हा पालिकेत जाऊन विचारा: नसबंदीत काढलेले अवयव देखरेख समितीने मोजले का? नर किती, माद्या किती? कुठल्या गल्लीतून पकडलं आणि कुठे सोडलं, याची नोंदवही दाखवा. काम शहरभर विखरून केलं की एकेक प्रभाग पुरा करत?