पाटी तीच, माणसं वेगळी: धुळ्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, 'डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड आजही ऐकण्यासारखा वाजतो' या माझ्या वाक्यावर तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. गिटारवाला ब्लॅकमोर नाही, ऑर्गनवाला लॉर्ड नाही, म्हणजे "हाई पर्पल नही, नुसती पाटी शे". गायक गिलनला 'चाइल्ड इन टाइम' हे गाणं झेपत नाही, तरी तिकीट पूर्ण. आणि मुळातच हा सगळा गोंगाट, डीजेच्या भिंतीपेक्षा वेगळा काय? तिन्हींचं उत्तर देतो, पण पहिल्यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण खरं भांडण तिथेच आहे.

आधी वर्षं मोजू. बँड 1968 चा. तेव्हापासून प्रत्येक संचात असलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस. ब्लॅकमोर 1968 ते 1975 आणि 1984 ते 1993, म्हणजे जेमतेम सोळा वर्षं. त्याच्या जागी आलेला स्टीव्ह मोर्स 1994 ते 2022, अठ्ठावीस वर्षं. ज्याला तुम्ही 'बदली' म्हणता, त्याने मूळ माणसापेक्षा बारा वर्षं जास्त वाजवलं आहे. जॉन लॉर्ड 2002 मध्ये निवृत्त झाला, 2012 मध्ये गेला. त्याच्या जागी डॉन एअरी, त्यालाही वीस वर्षं उलटली. आता गिटारवर सायमन मॅकब्राइड. गिलन, बेस गिटारवाला ग्लोव्हर आणि पेस हे तिघे मात्र 1992 पासून न तुटता एकत्र आहेत. 1970 ते 1973 च्या ज्या पाच जणांची तुम्ही आठवण काढता, त्यातले तीन आजही स्टेजवर उभे राहतात.

'मूळ माणूस असेल तरच खरा बँड' ही कसोटी किती कच्ची आहे, ते 1980 मध्ये दिसलं होतं. पहिला गायक रॉड इव्हान्स याला पुढे करून अमेरिकेत आणि मेक्सिकोत 'डीप पर्पल' या नावाने कार्यक्रम लावले गेले. तो अस्सल संस्थापकांपैकी एक, बाकीचे मात्र कोणीच पर्पलचे नव्हते. प्रकरण कोर्टात गेलं आणि 6,72,000 डॉलरची भरपाई ठोठावली गेली. तुमच्या हिशेबाने तो बँड खरा ठरतो आणि आजचा खोटा. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडचंच पाहा. गाडीवर मालकाचं नाव तेच राहतं, सराई संपली की क्लॅरिनेटवाला बदलतो, कीबोर्डवाला दुसऱ्या गावच्या बँडात जातो. सुपारी देणारा माणसांची यादी मागत नाही, वाजवणं ऐकून पैसे ठरवतो.

मग पर्पलचं वाजवणं कशावर ओळखायचं? माझ्या मते दोन गोष्टींवर, आणि गिटार त्यात नाही. पहिली, लॉर्डचा हॅमंड सी-3 ऑर्गन. तो नेहमीच्या फिरत्या लेस्ली स्पीकरऐवजी मार्शलच्या गिटार ॲम्पमधून काढायचा. त्यामुळे ऑर्गन फाटका, खरखरीत होतो आणि दुसऱ्या गिटारची जागा घेतो. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' या गाण्याची सुरुवात ऐका, तिथे एकटा ऑर्गनच अख्खा भार उचलतो. दुसरी गोष्ट पेसचा झोल, म्हणजे तालातला झोका. हार्ड रॉकचे बहुतेक ड्रमर सरळ ठोकतात, पेस जॅझवाल्यासारखा ताल किंचित लोंबता ठेवतो. 'ब्लॅक नाइट' आणि 'लेझी' या गाण्यांत प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून मधला सोडलेला आहे. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅडवर सरळ आठ ठोके लावले की 'ब्लॅक नाइट' तिथेच मरतो. एअरीच्या हाताखाली तो फाटका ऑर्गन आहे आणि ड्रमवर पेसच आहे, म्हणून मी आजच्या संचाला पर्पल म्हणतो. ऑर्गन काढून नुसता सिंथेसायझर ठेवला असता तर तुमच्या पाटीला मीच खिळे ठोकले असते.

हॅमंडबद्दल एक जोड देतो, कारण आपल्या भागात जनरेटरवर कार्यक्रम होतात. त्याच्या आत 91 टोनव्हील, म्हणजे स्वर तयार करणारी चाकं, फिरतात आणि ती फिरवणारी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते. जनरेटर 50 हर्ट्झवरून 48 वर बसला तर ऑर्गन सुमारे पाऊण घर, म्हणजे पट्टीतल्या दोन शेजारच्या स्वरांमधल्या अंतरापेक्षा थोडा कमी, खाली उतरतो. गिटार मात्र जागेवरच राहते. सगळे बेसूर होतात आणि शिव्या गिटारवाल्याला बसतात. अमेरिकेचा 60 हर्ट्झचा ऑर्गन तसाच 50 वर लावला तर तीन घरांहून जास्त खाली जातो. आजचा डिजिटल कीबोर्ड या भानगडीत पडत नाही, पण त्यावर तो आवाज काढायचा तर ड्रॉबारच्या, म्हणजे आवाजाचा पोत ठरवणाऱ्या सरकत्या दांड्यांतल्या, पहिल्या तीन पूर्ण ओढा, बाकीच्या बंद ठेवा, वर आवाज फाडणारा ओव्हरड्राइव्ह लावा. सस्टेन पेडलला पाय लावू नका. डाव्या हाताने खर्जात पूर्ण कॉर्ड धरली की ती बेस गिटारवर आदळते आणि नुसता चिखल होतो. फाटक्या आवाजात दोन स्वर पुरतात.

'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून, सगळीकडे वेगळीच का वाटते, तेही इथेच सांगून टाकतो. पेटीची पांढरी पाच सा धरा. वरची ओळ अशी: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, म, सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. प्रत्येक स्वराखाली मध्यमाच्या अंतरावर दुसरा स्वर, म्हणजे सा खाली मंद्र प. आपली पोरं सा-पची जोडी (पॉवर कॉर्ड) पिकने ओढतात, त्यात मूळ स्वर खाली जातो आणि रिफ जड होते. ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम उचलतो, म्हणून दोन्ही स्वर एकाच क्षणी तुटतात. मूळ रेकॉर्डिंगमध्ये आधी गिटार एकटी, मग हाय-हॅट (ड्रमच्या जोड झांजा) आणि ऑर्गन, मग उरलेले ड्रम, शेवटी बेस. सगळे पहिल्या मात्रेला तुटून पडले की ती चढण जाते.

आता गिलन. त्याचा जन्म 1945 चा. 'चाइल्ड इन टाइम'च्या किंकाळ्या त्या वयात कोणाच्याही गळ्यातून निघणार नाहीत, आणि बँडने ते गाणं 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपासून यादीतून काढलं. टेप लावून गळा झाकण्यापेक्षा हे बरं नाही का? त्याबदल्यात काय आलं तेही पाहा. 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हे 1972 चं गाणं ब्लॅकमोर असताना स्टेजवर जवळपास आलंच नाही, तो गेल्यावर नेहमीचं झालं. एप्रिल 1995 मध्ये ते मुंबईत वाजवून गेले तेव्हा मोर्सला येऊन काही महिनेच झाले होते. ते चित्रीकरण मिळतं. ऐकताना गिटार सोडून एअरीच्या आधीचा लॉर्ड काय करतो तिकडे कान द्या. आणि तुलनेला 'मेड इन जपान' हा लाइव्ह अल्बम हवाच. ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियोतल्या तीन रात्रींतून तो केला. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये गिलन आणि ब्लॅकमोर एकमेकांची तान उचलतात, ते मात्र आता मिळणार नाही. इथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

आवाजाबद्दल. 1972 मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात 117 डेसिबल भरले, गिनेसमध्ये नोंद झाली, तीन प्रेक्षक बेशुद्ध पडले. यात मिरवण्यासारखं काही नाही, आपल्या कायद्यात निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 आहे. पण डीजेची भिंत वेगळी असते. तिचा जोर 40 ते 80 हर्ट्झच्या खर्जात असतो. तो भिंतींनी अडत नाही, म्हणून तीन गल्ल्या पलीकडच्या काचा हलतात. गिटार आणि ऑर्गन मधल्या पट्ट्यात वाजतात, मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल उतरतात आणि दारं-भिंती उरलेलं बरंचसं अडवतात. हॉलच्या पत्र्याखाली मात्र हाच मधला पट्टा उलटून अंगावर येतो, शब्द हरवतात. तिथे आवाज वाढवण्याऐवजी मॉनिटर आणि ॲम्प कमी करायचे असतात, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

राहिला 1990 चा अल्बम, ज्यात जो लिन टर्नर हा गायक होता. तो पर्पलचा वाटत नाही, असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत. त्या अल्बमसाठी मी भांडणार नाही.